‘सायटिंग’ नाही झालं? बरं झालं!

परीक्षा संपल्या की तुमच्यापैकी अनेकांचे ग्रुप ताडोबा, पेंच, नागझिऱ्याकडे वळतील. कॉन्ट्री काढून सफारीचे पैसे जमतील, कुणाच्या तरी काकांचा कॅमेरा उसना मिळेल. परत आल्यावर मात्र प्रत्येक जण एकच विचारणार, ‘‘वाघ दिसला का?’’ तुम्ही नाही म्हणालात की समोरचा हळहळणार, ‘‘अरेरे, म्हणजे फक्त हरणंच?’’

माझा आक्षेप आहे तो या ‘फक्त हरणंच’ला. कारण ज्या दिवसांत तुम्ही जंगलात जाता, नेमक्या त्याच दिवसांत चितळांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं नाट्य सुरू असतं आणि आपण त्याच्या शेजारून धुरळा उडवत वाघामागे पळत असतो.

चितळाच्या नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. वाढताना त्यांच्यावर मखमली लव असते. वाढ पूर्ण झाली की ती लव सोलून निघते, खाली टणक, टोकदार शिंगं उरतात आणि नर माजावर येतो. चितळांमध्ये हे कमीअधिक प्रमाणात वर्षभर चालतं, पण मध्य भारतात त्याचा भर उन्हाळ्यात असतो. नराची मान जाड होते, अंगाचा रंग गडद होतो. तो बैलासारखा डुरकतो, खुरांनी जमीन उकरतो, मागच्या दोन पायांवर उभा राहून फांद्यांमध्ये डोकं घासतो आणि आपला वास तिथे सोडून जातो. दोन तुल्यबळ नर समोरासमोर आले की लगेच भिडत नाहीत. आधी केस फुलवून, मान ताठ करून एकमेकांना समांतर चालतात, अंदाज घेतात. बऱ्याचदा एक जण इथेच माघार घेतो. नाही घेतली, तर मग शिंगं खडाखडा अडकतात.

जॉर्ज शॅलर यांनी साठच्या दशकात कान्हाच्या जंगलात हे सगळं बारकाईने टिपून ठेवलं. १९६७ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नाव ‘द डिअर अँड द टायगर’. हरीण आधी, वाघ नंतर. उगाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, यंदा चितळांचे फोटो काढतो. जरूर काढा. पण वाघाच्या बाबतीत आपण जे करतो तेच इथेही केलं, तर नुसता प्राणी बदलेल, आपण नाही. २०२४च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. व्हिडिओ व्हायरल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. चितळांची वाट अडवली तर असा व्हिडिओ कुणी व्हायरल करेल? तिथे दखल घेणारे फक्त आपणच असतो.

आणि चितळाचं नुकसान खरं असतं. माजावरच्या नराचं खाण्याकडे दुर्लक्ष होतं. भर उन्हाळ्यात, गवत सुकलेलं असताना, तो अंगातली साठवलेली ताकद खर्च करत असतो. सगळं लक्ष मादीकडे आणि प्रतिस्पर्ध्याकडे, त्यामुळे बिबट्याला किंवा रानकुत्र्यांना तो सहज सापडू शकतो. मादीचा माजाचा काळही जेमतेम दिवसभराचा. ‘‘भाऊ, जरा पुढे घ्या ना,’’ असं म्हणून तुम्ही जिप्सी त्या दोघांच्या मध्ये घातलीत, तर तुमच्यासाठी ते तीस सेकंद असतात. त्या नरासाठी कदाचित त्या हंगामातली संधी असते.

‘‘त्यांना जिप्सीची सवय असते,’’ हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. असते ना. पण सवय म्हणजे फक्त इतकंच की ते लगेच पळत नाहीत. मान वर होणं, चरणं थांबणं, पुढचा पाय आपटणं, शेपटी उभी राहणं या खुणा बघा. त्या दिसल्या म्हणजे तुम्ही जास्त जवळ आलात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही अभयारण्यात प्राण्यांना चिडवायला, छळायला मनाई आहे. पण प्रत्येक जिप्सीत वनरक्षक बसू शकत नाही. गाईड आणि चालक तर तुमच्याच टिपवर आणि तुमच्याच नाराजीवर अवलंबून असतात. त्यामुळे ‘थांबा’ हा शब्द तुमच्याकडूनच यायला हवा.

गंमत म्हणजे यात फोटोग्राफर म्हणून तुमचाच फायदा आहे. वाघासाठी मोठी महागडी लेन्स लागते म्हणून अनेक जण आधीच हिरमुसतात. चितळांचा कळप रस्त्यापासून बऱ्यापैकी जवळ, उघड्यावर असतो. साधी ७०-३०० लेन्सही पुरते. सकाळची पहिली सफारी घ्या. पाणवठ्याजवळ किंवा गवताळ माळावर गाडी लांब उभी करा, इंजिन बंद करा आणि अर्धा तास फक्त बघा. कोणता नर डुरकतोय, कोण त्याच्याकडे चालत येतोय, हे कळायला लागलं की पुढे काय होणार याचा अंदाज येतो. झुंजीसाठी शटर स्पीड एक हजारांशाच्या आसपास ठेवा. कोवळं ऊन समोरून येत असेल तर उडालेली धूळसुद्धा सोन्यासारखी चमकते. आणि फ्रेममध्ये आजूबाजूचं जंगलही येऊ द्या. नुसत्या डोक्याचा क्लोजअप प्राणिसंग्रहालयातही मिळतो.

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत प्राण्याला त्रास देऊन काढलेला फोटो चालत नाही. इन्स्टावर तो चालतो, कारण तिथे कुणी विचारत नाही. मग आपणच विचारूया. पुढच्या वेळी कुणी शिंगं भिडलेल्या चितळांचा जबरदस्त फोटो टाकला, तर ‘कोणता कॅमेरा?’ याआधी ‘गाडी किती लांब होती?’ असं कमेंटमध्ये विचारा. आणि आपल्या फोटोखाली ते न विचारता लिहा.

जिप्सीत सहा जण असतात. त्यातल्या एकाने जरी ‘आपण इथेच थांबूया’ म्हटलं, तरी पुरतं. तो एक जण तुम्ही व्हा. बाकीचे पाच थोडा वेळ कुरकुर करतील. मग शिंगांचा पहिला खडाखडा आवाज येईल आणि तेही गप्प होतील.