विश्लेषण : सराव कोलकात्यात, चाहता मीरा रोडला! हंगामपूर्व सामन्यांवर एवढा वाद का?

पावसाळा लागला की मीरा रोड आणि भाईंदरच्या टर्फवर रात्री उशिरा रंगणाऱ्या गप्पांचा विषय बदलतो. लीग संपलेली असते, युरोपातले क्लब सुट्टीवर असतात. मग चर्चा सुरू होते ती आपल्या मुंबई सिटीची. यंदा ड्युरँड कपला जाणार का? गेलो तर गटात कोण? पुन्हा कोलकाताच का? आणि संघ पहिला नेणार की पोरांना पाठवणार? बाहेरच्याला हा वाद फुकाचा वाटेल. ज्या सामन्यांचे गुण लीगच्या तक्त्यात धरले जात नाहीत, त्यांच्यासाठी आवाज कशाला चढवायचा? पण हंगामाचा पाया याच पाच-सहा आठवड्यांत घातला जातो. शिवाय घरच्या चाहत्याला आपला संघ जवळून पाहायला मिळणार की नाही, हेही याच वेळापत्रकात ठरते. वाद त्यामुळे रास्त आहे. फक्त तो बहुतेक वेळा चुकीच्या मुद्द्यावर घातला जातो.

हंगामपूर्व तयारीत नेमके काय होते?

सुट्टीवरून आलेला खेळाडू थेट ९० मिनिटे धावू शकत नाही. पहिले काही दिवस दमसास आणि ताकद वाढवण्यात जातात. मग सराव सामने सुरू होतात आणि त्यात खेळण्याचा वेळ टप्प्याटप्प्याने वाढवला जातो : आधी अर्धा तास, मग एक सत्र, मग तासभर आणि शेवटी पूर्ण सामना. प्रतिस्पर्धीही त्याच क्रमाने निवडले जातात. सुरुवातीला दुबळा, नंतर बरोबरीचा, शेवटी आपल्यापेक्षा वरचढ. नवे परदेशी खेळाडू या काळात संघात मिसळतात, बचावफळीची जुळणी होते, कॉर्नर आणि फ्री किकचे डाव पक्के होतात. म्हणजे सराव सामन्यांची यादी ही एक शिडी असते. पायऱ्या चुकल्या की दुखापती वाढतात आणि पहिल्या महिन्यात गुण निसटतात.

स्पर्धेत उतरले की ही शिडी क्लबच्या हातात राहत नाही. पहिल्याच सामन्यात समोर कोण येईल हे गटवारी ठरवते, आणि गटात मागे पडलो तर गाशा गुंडाळावा लागतो. चाहत्यांच्या वादाचे मूळ इथे आहे.

मग गटवारीत कोलकाताच का येते?

ड्युरँड कप १८८८ मध्ये शिमल्यात सुरू झाला. आशियातली ही सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा सैन्यदलाकडून भरवली जाते. अनेक दशके दिल्लीत रंगलेली ही स्पर्धा २०१९ पासून कोलकात्यात स्थिरावली. पुढे तिचे सामने इम्फाळ, गुवाहाटी, कोक्राझार, शिलाँग, जमशेदपूर इथेही झाले. ही सगळी नावे पूर्वेकडची आणि ईशान्येकडची आहेत. जिथे प्रेक्षक हमखास येतात तिथे स्पर्धा नेली जाते, हे आयोजकांच्या बाजूने बरोबरच आहे.

मुंबई सिटीच्या वाट्याला मात्र सलग तीन वर्षे कोलकात्याचा गट आला. २०२२ मध्ये गटात मोहन बागान, ईस्ट बंगाल, राजस्थान युनायटेड आणि नौदल होते. २०२३ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग, जमशेदपूर आणि पुन्हा नौदल. २०२४ मध्ये केरळ ब्लास्टर्स, पंजाब आणि सीआयएसएफ.

एके काळी उलटे होते. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स कपसाठी कोलकात्याचे मातब्बर संघ मुंबईत, कूपरेजवर येत. ड्युरँड, आयएफए शिल्ड आणि रोव्हर्स या देशातल्या तीन मानाच्या स्पर्धा गणल्या जात. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर बंद पडला आणि मुंबईकडे येणारी वाट बंद झाली. आज आपण कोलकात्याच्या नावाने बोटे मोडतो, तेव्हा आपल्याच शहराने आपली स्पर्धा सांभाळली नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

पहिला संघ नेला तर फायदा होतो?

इथे २०२२ आणि २०२४ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. २०२२ मध्ये मुंबई सिटीने तगडा संघ नेला. मोहन बागानशी बरोबरी झाली, ईस्ट बंगालकडून ३-४ अशी हार पत्करावी लागली, तरी संघ अंतिम फेरीत पोहोचला. १८ सप्टेंबरला बेंगळूरुने २-१ असे हरवले. चषक हुकला, पण त्या हंगामात याच संघाने लीगचे पहिले १८ सामने एकही पराभव न पत्करता खेळले आणि ४६ गुणांसह शिल्ड जिंकली.

२०२४ मध्ये क्लबने राखीव फळी पाठवली. १ ऑगस्टला केरळ ब्लास्टर्सने तिला ०-८ असे धुतले. त्या हंगामात पहिला संघ लीगमध्ये सहावा आला आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात बेंगळूरुकडून ०-५ असा हरला.

एवढ्यावरून ड्युरँडमुळे शिल्ड आली किंवा राखीव फळीमुळे हंगाम बिघडला, असे म्हणता येणार नाही. मधल्या काळात प्रशिक्षक बदलले, खेळाडू गेले. २०२३ मध्ये तर संघ ड्युरँडच्या उपान्त्यपूर्व फेरीत मोहन बागानकडून १-३ असा हरला आणि पुढे ४ मे २०२४ रोजी कोलकात्यातच त्याच मोहन बागानला ३-१ ने नमवून लीगचा चषक घेऊन आला. पण एक गोष्ट नक्की सांगता येते. चुरशीच्या सामन्यांनी या संघाचे कधी नुकसान झालेले दिसत नाही. आणि १८-२० वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या स्पर्धेत एकटे सोडून त्यांच्यावर आठ गोल चढवून घेण्याला अनुभव म्हणता येत नाही.

मोठे नाव की योग्य प्रतिस्पर्धी?

दुसरा आवडता वाद म्हणजे परदेशी पाहुण्यांचा. सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीतली ६५ टक्के मालकी घेतली, तेव्हापासून दर उन्हाळ्यात एकच प्रश्न उठायचा : मँचेस्टर सिटी मुंबईत कधी येणार? डिसेंबर २०२५ मध्ये हा समूह क्लबमधून बाहेर पडला, आणि त्या स्वप्नाचा आधारही गेला.

फार हळहळू नये. जुलै २०१८ मध्ये कोचीत असाच थाट झाला होता. ला लिगातला गिरोना आणि ऑस्ट्रेलियाचा मेलबर्न सिटी हे संघ केरळ ब्लास्टर्सशी खेळायला आले. मेलबर्नने केरळला ६-० ने हरवले, गिरोनाने ५-० ने. पुढच्या लीगमध्ये केरळ नवव्या स्थानावर राहिले. त्या रात्री चाहत्यांना दिवाळीसारख्या वाटल्याही असतील. संघाला मात्र दोन सामन्यांत ११ गोल खाऊन काय शिकायला मिळाले? शिडीची शेवटची पायरी पहिल्याच दिवशी चढायला लावली, तर पाय मोडण्याचीच भीती जास्त.

प्रवासाचा हिशेब कोणाच्या बाजूने?

मुंबई ते कोलकाता हे हवाई अंतर साडेसोळाशे किलोमीटरच्या घरात आहे. विमानाने अडीच-तीन तास. थकवणारी गोष्ट फक्त विमान नाही. ऑगस्टमधला दमटपणा, पावसाने जड झालेली मैदाने, दोन आठवडे हॉटेलातला मुक्काम आणि बाद झाल्यावर लीग सुरू होईपर्यंत पडणारा खंड, हे सारे त्यात धरावे लागते. ‘गट सोपा आहे’ म्हणून खूश होणाऱ्यांनी दोन सामन्यांत विश्रांतीचे किती दिवस आहेत, हे आधी मोजावे.

प्रवास नसेल तर काय होते, याचेही उदाहरण आपल्याच क्लबचे आहे. करोनाच्या २०२०-२१ हंगामात सगळी लीग गोव्यात, तीन मैदानांवर झाली. विमान नाही, प्रेक्षक नाहीत, शहर बदलणे नाही. मुंबई सिटीने त्या वर्षी शिल्ड आणि चषक दोन्ही पटकावले. अर्थात ही सवलत सगळ्याच संघांना होती. म्हणूनच मुद्दा असा की, प्रवास सर्वांना सारखा असेल तर तक्रार नाही. एकाला घरचे मैदान आणि दुसऱ्याला सूटकेस, अशी वाटणी असेल तर ती विचारात घेऊनच संघाने तयारी आखायला हवी.

मीरा-भाईंदरच्या चाहत्याचे काय?

मुंबई सिटीचे टोपणनाव ‘आयलँडर्स’. त्या हिशेबाने मीरा-भाईंदरकर पक्के बेटकरी आहेत. साष्टी बेटाचे उत्तर टोक म्हणजे आपले शहर, वसईची खाडी ओलांडली की बेट संपते. महापालिका वेगळी आणि जिल्हा ठाणे असला, तरी संघ मुंबईचाच. मीरा रोडहून विरार-चर्चगेट लोकल पकडायची, अंधेरीला उतरायचे, मेट्रोने आझाद नगर गाठायचे आणि शहाजीराजे क्रीडा संकुलात पोहोचायचे, हा हजारो पोरांच्या पाठांतरातला रस्ता आहे. २०१६ मध्ये संघ नेरुळहून अंधेरीला आला, तेव्हा त्याचा खरा फायदा पश्चिम रेल्वेवरच्या याच प्रेक्षकाला झाला.

पण महत्त्वाचा सामना आला की संघ या रुळावरून घसरतो. २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला ठेवले गेले, आणि अल हिलालविरुद्धचा सामना नेरुळला. नेमार त्या संघात होता. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा दुखावला नसता, तर त्याला पाहण्यासाठी इथल्या पोरांना खाडी ओलांडून जावे लागले असते. पावसाळ्यात तर अंधेरीला काहीच नसते. संघ कोलकात्यात किंवा परदेशात आणि चाहता मोबाइलच्या पडद्यापुढे.

२०२५ ने काय शिकवले?

त्या वर्षी वाद घालायलाही काही उरले नाही. ११ जुलै २०२५ रोजी लीगच्या आयोजकांनी नवा हंगाम थांबवल्याचे कळवले, कारण महासंघाशी असलेला करार डिसेंबरमध्ये संपत होता. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. ड्युरँडला लीगमधले मोजकेच क्लब गेले, मुंबई सिटी त्यांत नव्हता. ‘पुन्हा कोलकाता?’ म्हणून कुरकुरणाऱ्यांना त्या ऑगस्टमध्ये कोलकात्याची आठवण आली असेल.

लीग अखेर १४ फेब्रुवारी २०२६ रोजी सुरू झाली, तीही आखडून. १४ संघ, प्रत्येकाशी एकच सामना, प्रत्येकाला १३ सामने. तेरा हा विषम आकडा. घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांची समान वाटणी यात होऊच शकत नाही. एका गटवारीवरून भांडणाऱ्या चाहत्यांना कळले की आता सगळी लीगच सोडतीसारखी झाली आहे. बलाढ्य संघ आपल्या अंगणात येणार की आपण त्याच्याकडे जाणार, यावर तीन गुण ठरू शकतात आणि परतीचा सामनाच नाही.

मग मागायचे काय?

तीन गोष्टी, आणि तिन्ही आवाक्यातल्या. पहिली : स्पर्धेत उतरायचे तर मुख्य संघातले पुरेसे खेळाडू घेऊन उतरा, नाहीतर नम्रपणे नकार द्या. दुसरी : सराव सामन्यांची यादी नावांच्या वजनावर आखू नका. आधी स्थानिक संघ, मग लीगमधला बरोबरीचा, शेवटी वरचढ, असा क्रम ठेवा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : हंगामापूर्वी किमान एक सामना घरच्या चाहत्यासाठी खुला ठेवा. पाऊस आहे, अंधेरीचे गवत जपायचे आहे, ही अडचण खरी. पण कूपरेजवर कृत्रिम हिरवळ आहे. वांद्र्यालाही तशीच आहे, आणि त्या मैदानाला नाव आहे १९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक करणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांचे. दोन्ही ठिकाणे मीरा रोडहून एका लोकलच्या अंतरावर आहेत. गणपती आटोपल्यावरच्या एखाद्या रविवारी, दुपारी, परवडणाऱ्या तिकिटात शहरातल्याच एखाद्या क्लबविरुद्ध सामना ठेवायला कुठल्या सोडतीची वाट पाहावी लागत नाही.

गट कोणता येईल हे आपल्या हातात नाही. संघ आपल्याला कुठे भेटेल, हे मात्र क्लबच्या हातात आहे. टर्फवरच्या गप्पांनी आता ‘पुन्हा कोलकाताच का’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘एकदा तरी इथे का नाही’ हे विचारावे.