पालकसभा न भरवणारी शाळा

मुख्याध्यापकांचे बोलावणे आले की पालकाच्या पोटात गोळा येतो. फी थकली असेल, पोराने काही उपद्व्याप केला असेल, नाहीतर गुण घसरले असतील. चांगली बातमी सांगायला कोणी बोलावत नाही, हे अनुभवाने ठाऊक असते. चीनच्या युन्नान प्रांतात, लिजियांग भागातल्या डोंगराळ हुआपिंगमध्ये मुलींची एक मोफत निवासी उच्च माध्यमिक शाळा आहे. तिच्या मुख्याध्यापिका झांग ग्वेमेई यांनी ही रीतच उलटी केली. पालकसभा भरवायची नाही. सुटी लागली की आपणच एकेका मुलीचे घर गाठायचे. शाळा 2008 मध्ये सुरू झाली. पुढच्या दहा-अकरा वर्षांत बाईंनी दीड हजारावर घरे पालथी घातली आणि लाखभर किलोमीटरची वाट तुडवली.

यामागे हिशेब साधा आहे. डोंगरातल्या बापाने पालकसभेला यायचे तर गाडीभाडे जाते, वर रोज बुडतो. पण खरी गोष्ट पुढची आहे. शाळेत आलेला पालक मान हलवून ‘हो, हो’ म्हणतो आणि निघून जातो. घरी मात्र तो यजमान असतो, बोलता होतो. तिथे आजारी आजी दिसते, धाकटा भाऊ दिसतो, आणि मुलीच्या लग्नाची कुजबुजही कानावर येते. प्रगतिपुस्तकात यातले काहीच नोंदलेले नसते.

बाईंना हे फार आधी कळले होते. पूर्वीच्या शाळेत शिकवताना वर्गातल्या मुली एकाएकी दिसेनाशा व्हायच्या. एकदा वाटेत तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी डोंगरउतारावर भेटली. हाती विळा, शेजारी टोपली, नजर दूर लागलेली. आईबापांनी तीस हजार युआन घेऊन तिचे लग्न ठरवले होते. आपल्याकडे याला देज म्हणतात. बाई तडक तिच्या घरी गेल्या, शिकवायचा सगळा खर्च उचलते म्हणाल्या. आईने जीव द्यायची धमकी दिली आणि बाईंना रिकाम्या हाताने परतावे लागले. हुआपिंगची शाळा त्या हरलेल्या खेपेतून उभी राहिली, असे म्हटले तरी चालेल. पहिल्या वर्षी शंभर मुली आल्या. सतरा शिक्षकांपैकी नऊजण सहा महिन्यांत नोकरी सोडून गेले. बाई टिकल्या.

म्हणून त्यांची आरती ओवाळायचे कारण नाही. घरात जाणारा माणूस हळूहळू त्या घरचा वडीलधारा होऊन बसतो, आणि वडीलधाऱ्यांचे दोष त्यालाही चिकटतात. शाळेत पहाटे साडेपाचला उठवणे, मध्यरात्रीपर्यंत अभ्यास, कडक शिस्त. 2020 मध्ये एक प्रसंग चीनभर गाजला. एक माजी विद्यार्थिनी देणगी घेऊन आली. ती आता नोकरी न करता घर सांभाळते हे कळताच बाईंनी देणगी नाकारली. एका मुलीला शिकवायला काय मोजावे लागते हे पाहिलेल्या बाईचा तो संताप होता, हे मान्य. तरी बापाने ठरवलेले आयुष्य नाकारायला शिकवायचे आणि बाईंनी ठरवलेले मात्र नाकारू द्यायचे नाही, हा न्याय नव्हे. घरी जायचे ते ऐकायला. हुकूम सोडायला आईबाप आधीच असतात.

2021 मध्ये बीजिंगला त्यांना कम्युनिस्ट पक्षाचे ‘एक जुलै पदक’ मिळाले. आजारपणामुळे औषधी पट्ट्यांनी गुंडाळलेली त्यांची बोटे साऱ्या देशाने पाहिली. सरकारला असे त्याग आवडतात, कारण त्यांचे बिल सरकारच्या नावे फाटत नाही. याच देशाने 2001 पासून खेड्यांतल्या हजारो लहान शाळा बंद करून पोरांना दूरच्या मोठ्या शाळांत आणि वसतिगृहांत पाठवले. अखेर 2012 मध्ये सरकारलाच या सरसकट शाळाबंदीला आवर घालावा लागला. शाळा घरापासून ज्याने लांब नेली, घराकडची वाट चालती ठेवण्याचे कामही त्याचेच. त्यासाठी प्रवासखर्च लागतो, कामाचे तास कमी करावे लागतात, जास्तीचे शिक्षक नेमावे लागतात. एका आजारी बाईच्या पायांवर ही व्यवस्था उभी राहत नाही.

चीनचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 1986 चा. त्यात शाळेची नऊ वर्षे लिहिलेली आहेत. दहाव्या वर्षी फीचा प्रश्न उभा राहतो आणि नेमक्या त्याच वर्षी डोंगरातल्या मुलीला स्थळ येते. पदके पुष्कळ झाली. त्या नवाचे बारा केले, तर बाईंच्या निम्म्या खेपा वाचतील. आकडा अजून नऊच आहे.