एम-पेसा : मदतीचे श्रेय आणि कर्जाचा व्यापार

दरिद्री देशांतील शासनांना आणि बँकांना जे साधले नाही ते मोबाईलने साधले, असे मत विकासाच्या चर्चेत रूढ झाले असून त्याच्या पुष्ट्यर्थ केनियातील एम-पेसाचा, म्हणजे सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने मार्च २००७ मध्ये सुरू केलेल्या पैसे पाठविण्याच्या सेवेचा, दाखला हटकून दिला जातो. या सेवेमुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे दारिद्र्यातून वर आली, असा निष्कर्ष अर्थतज्ज्ञ तवनीत सूरी व विल्यम जॅक यांनी २०१६ मध्ये मांडला.

हा निष्कर्ष मान्य केला तरी मोबाईलवरील कर्जही गरिबांना तारते, हे त्यावर उभारलेले अनुमान टिकत नाही. त्या अभ्यासाचा आधार २००८ ते २०१० या काळात लोकांच्या घराजवळ वाढलेले, रोख घेणारे-देणारे एजंट हा होता, आणि तेव्हा या सेवेवरून मुख्यतः पैसेच पाठविले जात. आजारपणात किंवा नापिकीत दूरच्या नातलगांची मदत लगेच हाती पडे, हे तिचे खरे बळ होते. एम-श्वारी ही याच सेवेवरील बचत-कर्जाची योजना मात्र नोव्हेंबर २०१२ मध्ये आली आणि तीस दिवसांच्या कर्जावर साडेसात टक्के शुल्क, म्हणजे वार्षिक हिशेबाने नव्वद टक्क्यांच्या घरातील आकार, घेऊ लागली. आप्तांच्या मदतीने मिळविलेले श्रेय या सावकारीच्या खात्यावर जमा करणे हा उघड तर्कदोष आहे, आणि त्याची झळ अर्थतज्ज्ञांना नव्हे, ऋणकोंना बसते.

शासन बाजूला राहिल्यामुळे एम-पेसा यशस्वी झाली, हेही खरे नाही. सेवेच्या उभारणीला ब्रिटिश सरकारचे अनुदान होते. मध्यवर्ती बँकेने बँक-परवान्याविना तिला वाट करून दिली. २००८ च्या समभागविक्रीनंतरही केनिया सरकारकडे सफारीकॉमचे ३५ टक्के भाग राहिले. लाभांश घेणारा भागधारक, कर वसूल करणारा अधिकारी आणि नियामक, या तिन्ही भूमिका एकाच सत्तेकडे एकवटल्या, आणि त्यांतली तिसरी सर्वांत दुबळी राहिली: मोबाईल ॲपवरून कर्ज देणाऱ्या कंपन्यांना मध्यवर्ती बँकेचा परवाना सक्तीचा करणारा कायदा २०२१ मध्ये झाला.

म्हणून शासनाने माघार घ्यावी, असे म्हणणेही चूकच. परवाना नसलेल्या सावकारांना थकबाकीदारांची नावे पतमाहिती संस्थांकडे, म्हणजे ऋणकोंची परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणांकडे, पाठविण्यास मध्यवर्ती बँकेने २०२० मध्ये मनाई केली. अशा वेळी ऋणकोंच्या पाठीशी शासनाखेरीज दुसरे कोण उभे राहणार? पैसे पाठविण्याची सोय रस्त्यासारखी सार्वजनिक मानावी आणि कर्जाचे दर कायद्याने बांधावेत, हेच इष्ट होय. प्रत्यक्षात पैसे पाठविण्याच्या शुल्कावर २०१३ मध्ये लावलेला दहा टक्के अबकारी कर २०२३ मध्ये पंधरा टक्क्यांवर नेण्यात आला, म्हणजे ज्या मदतीने कुटुंबे सावरली तीच शासनाने महाग केली.