सडा मोकळा आहे, रिकामा नाही

पावस : मार्च २०२४ मध्ये शासनाने कोकण किनाऱ्यावरच्या १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. घरं, रस्ते वाढणारच, नियोजनाला ना नाही. प्रश्न सड्याचा आहे. सातबाऱ्यावर कातळ पोटखराबा दिसतो, म्हणून बांधकामाला आधी तोच सुचतो. पण पावसाळ्याचं पाणी कातळाच्या भेगांतून मुरतं, त्यावर खालच्या विहिरी नि बागा जगतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते आंब्याच्या नावाला. जमीन राखतो तो आराखड्यातला शेती झोन. आराखडा कुणीही करो, १९६६ च्या नगररचना कायद्याने प्रारूपावर हरकती मागवाव्या लागतात, त्याही मुदतीतच. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा ग्रामसभेने गावचे सडे, वहाळ, विहिरी गट नंबरासह आत्ताच ठरावात लिहून ठेवलेले बरे.