आजीला उठू द्या

आमच्या घरच्या आजीला न्युमोनिया झाला, तेव्हा आम्ही तिला ९ दिवस कॉटवरून हलू दिले नाही. जेवण हातात, लघवीला भांडे, आणि ती उठू लागली की, ‘आजी, पडून राहा,’ हाच सगळ्यांचा धोशा. ताप गेला. १० व्या दिवशी पहाटे ती एकटीच उठली, पाय लटपटले आणि कॉटशेजारीच पडली. हाड मोडले नाही एवढेच. चूक वॉर्डातल्या कुणाची नव्हती, आमच्या मायेची होती. पुष्कळ घरांत हेच होते, म्हणून आज हा विषय.

म्हातारपणी पडून राहिले की पायातले बळ झपाट्याने जाते. अमेरिकेतील २००७ सालच्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना १० दिवस पलंगावर ठेवले, तर त्यांच्या पायांचे जवळजवळ १ किलो मांस झडले. आजारी माणसाचे काय होत असेल?

स्पेनमधील पाम्प्लोना येथे डॉक्टरांनी २०१५ ते २०१७ या काळात ७५ वर्षांवरील ३७० रुग्णांना घेऊन प्रयोग केला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांकडून त्यासोबत रोज सकाळ-संध्याकाळ २०-२० मिनिटे व्यायाम करून घेतला. खाणे, अंघोळ, चालणे स्वतःचे स्वतः किती जमते, याचे १०० पैकी गुण मोजले. नुसते उपचार घेणाऱ्यांचे सरासरी ५ गुण घटले. व्यायाम करणाऱ्यांचे जवळजवळ २ गुण वाढले. व्यायामाने कुणाला इजा झाली नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एवढ्या थोड्या दिवसांच्या व्यायामाने वॉर्डातले पडणे थांबते, असे अजून पक्के सिद्ध झालेले नाही. पण पायात बळ राहते, आणि घरी राहणाऱ्या वृद्धांनी तोल सांभाळण्याचा व्यायाम चालू ठेवला तर पडणे कमी होते, हे सिद्ध झाले आहे.

तेव्हा कामावर खाडा करून उशाशी बसणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, ‘यांना उठवले तर चालेल का? कोणता व्यायाम द्यावा?’ त्यांनी होकार दिला तर एवढे करावे :

• पडल्यापडल्या पावले वर-खाली हलवावीत.
• कॉटच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसवावे. चक्कर येत नसेल तरच उभे करावे.
• पक्क्या खुर्चीत बसवून एकेक गुडघा सरळ करायला सांगावे. मग खुर्चीतून उठणे-बसणे, झेपेल तितके.
• धरून व्हरांड्यात फिरवावे. पायात न घसरणारी चप्पल असावी.

धाप लागली, छातीत दुखले की लगेच थांबवून सिस्टरला हाक मारावी. रात्री संडासला एकटे जाऊ देऊ नये.

सेवा म्हणजे सगळे हातात देणे नव्हे. आमची आजी आता खुर्चीतून उठताना आमचा हात झिडकारते, आणि आम्हीही नुसते जवळ उभे राहतो.