पौंड घसरला, चूल महागली

वाचकहो, महागाई म्हटली की आपण वाण्याकडे बोट दाखवतो. पण कधी कधी महागाई मतपेटीतूनही येते. ब्रिटनचे उदाहरण पाहा.

युरोपीय संघ म्हणजे अनेक देशांची सामाईक बाजारपेठ. आपसात मालावर जकात नाही. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले आणि ५१.९ टक्के मतदारांनी संघ सोडण्याचा कौल दिला. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला. महागाईने मात्र इतका दम धरला नाही. मतमोजणीच्या रात्रीच दीड डॉलरचा पौंड १.३३ डॉलरच्या खाली घसरला. ब्रिटन खाण्यापिण्याचा बराच माल बाहेरून आणतो. पौंड पडला, तोच माल महागला. जून २०१६ मध्ये महागाईचा दर ०.५ टक्के होता, तो नोव्हेंबर २०१७ मध्ये ३.१ टक्के झाला. पगार मागे पडले.

पुढे संघाशी करार झाला, जकात टळली. मग माल महाग का? आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदाला किती खर्च येतो ते आम्हास ठाऊक आहे. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सीमेवर कागदपत्रे आली. माल कोठे तयार झाला याचा पुरावा, मांस-दुधाच्या मालाला आरोग्य दाखला. प्रत्येक कागदामागे माणूस, वेळ आणि पैसा. तो शेवटी गिऱ्हाईकच भरतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला, की २०२० व २०२१ या दोन वर्षांत या अडचणींमुळे खाद्यपदार्थ सुमारे ६ टक्क्यांनी महागले. कुटुंबामागे सरासरी २१० पौंडांचा बोजा पडला. गरिबाच्या कमाईतला मोठा वाटा पोटावरच खर्च होतो, म्हणून घाव त्यालाच खोल बसला.

सगळे खापर यावरच फोडणे मात्र खरे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील महागाई ११.१ टक्क्यांवर गेली, त्यामागे युक्रेनचे युद्ध आणि गॅसची दरवाढही होती. संघातच राहिलेल्या देशांनाही तेव्हा महागाईने पोळले.

याच लंडन स्कूलमध्ये बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२३ साली तो ग्रंथरूपाने आला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी मांडले, की चलनाचा दर खाली ठेवून होणारा फायदा साऱ्या देशाचा नसतो. एका वर्गाचे नुकसान होऊन दुसऱ्याचा फायदा होतो. शंभर वर्षांनंतरही हा हिशेब चुकलेला नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, देशाच्या नावाने कोणी मोठा व्यापारी निर्णय सांगू लागला, की टाळी वाजवण्याआधी एकच प्रश्न विचारा. फायदा कोणाच्या तिजोरीत जाणार आणि खर्च कोणाच्या चुलीवर पडणार?