विज्ञान व व्यवहार : कोंकराचें वजन

घरांत मूल जन्मलें कीं, तें कोणावर गेलें याचा खल बारशाच्या आधींच सुरू होतो. नाक आजोबांचें, रंग आईचा, बांधा मात्र मामाचा, असा निकाल वडील मंडळी देऊन टाकतात. मेंढपाळापुढें हाच प्रश्न उभा राहतो, तेव्हां मात्र त्याच्या उत्तरावर कुटुंबाच्या वर्षभराच्या भाकरीचा हिशेब अवलंबून असतो.

हिंगोलीहून नांदेडकडे जातांना कळमनुरी तालुक्यांत आखाडा बाळापूर लागतें. या मुलखांत खतासाठीं शेतांत बसविलेलीं मेंढरें वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. पठारावरील ही दख्खनी जात रंगानें बहुधा काळी, लोंकरीनें भरड, पण लांबची चाल व उन्हाळ्याची उपासमार सोसणारी आहे. तिच्या लोंकरीला आज भाव उरलेला नाहीं. धन्याची मिळकत काय ती कोंकराच्या वजनावर. येथेंच पुष्कळदां एक घातक गोष्ट घडते. जें नर कोंकरूं सर्वांत लवकर भरतें, त्यावर व्यापाऱ्याची नजर आधीं जाते आणि नडलेला मेंढपाळ तें विकून टाकतो. मग मागें राहिलेल्यांतूनच पुढील पिढीचा बाप निवडावा लागतो. उत्तम बियाणें बाजारांत घालून पोचट दाणे पेरावे, तशांतलाच हा प्रकार होय.

तर मग सर्वांत जड कोंकरूं राखलें म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. पण वजन ही एकट्या रक्ताची देणगी नव्हे. जन्मतांना कोंकरूं किती भरावें, हें बव्हंशीं आईवर अवलंबून असतें. तिचें वय, गाभणपणीं मिळालेला चारा, पोटांत कोंकरूं एक होतें कीं दोन, या सर्वांचा त्यांत हात असतो. पुढें सुमारें तीन महिने तिच्या दुधाचा प्रभाव राहतो. दूध तुटल्यावर कोंकराचा स्वतःचा आनुवंशिक गुण अधिक स्पष्ट होऊं लागतो. आणि तो गुणहि एका जनुकाचा नसून शेंकडों जनुकांच्या लहान लहान वांट्यांची ती बेरीज असते.

ही गोष्ट आंकड्यांत मांडून पाहूं. समजा, एक मेंढा कळपाच्या सरासरीपेक्षां ४ किलो जड आहे. वजनांतील फरकापैकीं आनुवंशिक भाग एक चतुर्थांश धरला, तर रक्तांतून आलेला अधिकपणा १ किलोचा ठरतो. अपत्यास बापाकडून निम्मेंच मिळत असल्यामुळें प्रत्येक कोंकराच्या वांट्यास सरासरी अर्धा किलो येतो. हें थोडें वाटेल. परंतु एका मेंढ्याचीं वर्षांत ३०-४० कोंकरें होतात, आणि त्याच्या लेकी कळपांतच राहतात. अशी निवड दरसाल चालली म्हणजे ही पुंजी पिढ्यानपिढ्या साठत जाते.

याच्या उलट, एकाच जनुकाची करामत फलटणला दिसून आली. बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ सालीं तेथें स्थापिलेल्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या सुंदरबनांतील गारोल मेंढ्या आणल्या. गारोल मेंढी लहानखुरी, १५ किलोंच्या आंतबाहेरची, पण जुळीं-तिळीं देणारी. दख्खनीला बहुधा एकच होतें. या बहुप्रसवतेच्या मुळाशीं एकच जनुक असून, तें कोणतें याचा उलगडा २००१ सालीं झाला. तेव्हांपासून रक्ताच्या तपासणीनें तें ओळखतां येऊं लागलें. संकराच्या संततीचा दख्खनीशीं पुनः पुनः संबंध केला कीं, ठेंगणेपणाचा वांटा दर पिढीस निम्म्यानें घटतो. जनुक मात्र तपासून राखतां येतें. ‘सुवर्णा’ मेंढी या प्रयत्नांतूनच निघाली. जुळ्यांपैकीं प्रत्येक कोंकरूं एकट्याहून हलकें असलें, तरी दोहोंचें मिळून वजन अधिक होतें. चाऱ्याची सोय नसेल तर मात्र जुळीं म्हणजे दुप्पट काळजीच.

बाळापूरच्या मेंढपाळास आरंभीं प्रयोगशाळा नको. एक वही व एक काटा पुरे. जन्मदिवस, आई, एकटें कीं जुळें, आणि तीन महिन्यांचें वजन, एवढें टिपावें. एकट्याची तुलना एकट्याशीं व जुळ्याची जुळ्याशीं करावी. त्यांत जो नर सरस ठरेल, त्याला कितीहि भाव आला तरी विकूं नये. मेंढपाळाची शाळेंत जाणारी मुलगी ही वही सहज ठेवूं शकेल. आणि ज्यांच्या शेतांत तीं मेंढरें बसतात, त्यांनीं तिला वही-पेन्सिल पुरवावयास काय हरकत आहे?